देवाशी भांडणाऱ्याला किती गुण द्यावेत?

मानसशास्त्रातल्या परदेशी मापन्या मराठीत आणण्याच्या कामात वर्षे गेली की एक गोष्ट पक्की कळते. लोकांना वाटते तसे भाषांतर हे यातले अवघड प्रकरण नाही. दोन चांगले भाषांतरकार आणि थोडी चिकाटी असली की भाषांतर होते. अवघड असते ते हे ठरवणे, की मराठी माणसाने एखाद्या विधानापुढे चारवर खूण केली तर त्या चारचा अर्थ अमेरिकेतल्या चारसारखाच आहे की नाही. झोप, भूक, रडू येणे, छातीत धडधडणे यांबद्दलचे प्रश्न असतील तर बहुतेक वेळा निभावते. माणसाचे देवाशी काय चालले आहे हे मोजायला निघालो की मात्र पंचाईत होते. आणि हे मोजून हवे असलेले लोक पुष्कळ आहेत. कर्करोगाच्या रुग्णांबरोबर काम करणारे समुपदेशक, दीर्घ आजाराच्या वॉर्डातले डॉक्टर, प्रबंधाची तारीख जवळ आलेले एम.ए.चे विद्यार्थी, सगळ्यांना आध्यात्मिक संघर्षाची मापनी मराठीत हवी असते, आणि शक्यतो पुढच्या महिन्यात हवी असते.

या विषयातली सध्याची प्रमुख मापनी ज्युली एक्सलाइन, केनेथ पार्गामेंट, जोशुआ ग्रब्ज आणि अ‍ॅन मेरी याली यांनी 2014 साली प्रसिद्ध केली. तिच्यात 26 विधाने आहेत. गेल्या काही महिन्यांत हे तुमच्या बाबतीत किती घडले, असे विचारून 'अजिबात नाही' ते 'खूप' अशा पाच पायऱ्यांवर उत्तर घेतात. विधानांचे सहा गट आहेत: देवाशी संघर्ष, दुष्ट शक्तींशी संघर्ष, धर्माच्या बाबतीत इतर माणसांशी संघर्ष, नैतिक संघर्ष, श्रद्धेविषयी शंका आणि जगण्याच्या अर्थाचा प्रश्न. स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी तिचे रूपांतर करायचे तर एकच मजकूर मेक्सिकोतही चालला पाहिजे आणि अर्जेंटिनातही. पण तिथे निदान देव एक, सैतान एक आणि बहुतेकांच्या घरामागे कॅथलिक चर्चची शेकडो वर्षांची सवय, एवढी शिदोरी हाताशी असते. मराठीत त्यातले काहीच गृहीत धरता येत नाही. मराठीत ही मापनी येऊ नये असे माझे म्हणणे नाही. ती यावी. फक्त मूळ मापनीत राग ही अडचणीची खूण आहे, आणि आपल्याकडे राग हे अनेकदा नाते शाबूत असल्याचे लक्षण असते. त्यामुळे भाषांतर करून बेरीज करणारा माणूस चुकीच्या रुग्णाची काळजी करत बसेल आणि ज्याची करायला हवी तो त्याच्यासमोरून उठून घरी जाईल.

कामाची रूढ पद्धत आधी सांगतो. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचे, दोन्ही मसुदे जुळवायचे, मग मूळ मजकूर न पाहिलेल्या तिसऱ्याने त्याचे पुन्हा इंग्रजी करायचे आणि ते मुळाशी ताडून पाहायचे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 साली या उलट भाषांतराला शास्त्रीय बैठक दिली आणि तेव्हापासून ते जणू सोवळ्यातले कर्मकांड झाले आहे. त्यातली गोम अशी की मराठी जितके कृत्रिम, तितके उलट भाषांतर मुळाशी चोख जुळते. 'मला ईश्वराने परित्यक्त केल्याची भावना झाली' हे वाक्य इंग्रजीत परत नेले तर पैकीच्या पैकी गुण मिळवते. फक्त हडपसरच्या भाजीवाल्या बाईंना ते कळत नाही. 'देवाने वाऱ्यावर सोडलं असं वाटलं' हे त्यांना लगेच कळते, पण उलट भाषांतरात त्याचे काहीतरी भलतेच होते आणि समितीतले कोणीतरी भुवया उंचावते. तरी वाक्याची अडचण सुटण्यासारखी असते. आपल्याकडे याचा अनुभवही जुना आहे. वि. वि. कामत यांनी 1930च्या दशकात धारवाडकडच्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बिने यांची बुद्धिमापन चाचणी बसवली, 1940 साली त्यावर पुस्तक लिहिले, आणि बिने-कामत हे नाव दवाखान्यांत आजही चालते. त्यांनी प्रश्न बदलले, क्रम बदलला आणि मुलांवर वापरून पाहिले. मात्र बुद्धीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर असते. देवावर रागावण्याला बरोबर उत्तर नसते.

मापनीचे सहा कप्पे घेऊन मराठी माणसांशी बोलायला बसले की पहिला गळतो तो दुष्ट शक्तींचा. मूळ विधानांत सैतान किंवा दुष्ट आत्मे माणसाच्या मागे लागतात, त्याला मोहात पाडतात. आपल्याकडे 'बाहेरचं' या एका शब्दात किती गोष्टी येतात ते बघा: मुंजा, हडळ, विहिरीवरची बाधा, दृष्ट, भानामती आणि करणी. यांतल्या करणीला सैतान लागतच नाही. ती करणारा माणूस असतो, आणि नव्वद टक्के वेळा तो भावकीतला किंवा बांधाला बांध असलेला असतो. (हा आकडा शास्त्रीय नाही, कोणत्याही गावात विचारून पाहा.) म्हणजे करणीची भीती वाटणाऱ्या माणसाचा संघर्ष दुष्ट शक्तींच्या कप्प्यात टाकायचा की माणसांशी संघर्षाच्या? शिवाय अंगात येणे. जेजुरीच्या खंडोबाचा अभ्यास करणाऱ्या जॉन स्टॅन्ले यांनी महाराष्ट्रातला हा भेद नीट टिपला आहे: देव अंगात येणे वेगळे आणि भूत लागणे वेगळे, एकाला हळदकुंकू वाहतात आणि दुसऱ्याला उतरवतात. 'एखादी शक्ती तुमच्यावर ताबा मिळवते असे वाटले का' या प्रश्नाला ज्या बाईच्या अंगात मंगळवारी देवी येते ती पाचपैकी पाच देईल, आणि त्या पाचात दुःख नसेल, मान असेल.

दुसरी अडचण 'मी' या शब्दाची. मापनी गृहीत धरते की माणसाचा संघर्ष त्याचा एकट्याचा. व्हिएडा स्कल्टन्स यांनी फलटणच्या महानुभाव मंदिरात राहणाऱ्या मनोरुग्णांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा अभ्यास केला, तो 1987 साली प्रसिद्ध झाला. आजारी असतो मुलगा किंवा नवरा. अंगात येते ते आईच्या किंवा बायकोच्या. घरातले दुखणे ती स्वतःच्या अंगावर घेते, आणि घरात दुखणे आले याचा ठपकाही तिच्यावरच असतो. अशा बाईला नैतिक संघर्षाची विधाने वाचून दाखवली तर ती अपराधाला होकार देईल, पण अपराध तिने केलेला नसतो. राहिलेला नवस सासऱ्याचा असतो, चुकलेला कुळाचार दिराच्या घरातला असतो. नैतिक गटातली मूळ विधाने स्वतःच्या तत्त्वांशी झगडणाऱ्या एकट्या विवेकाची आहेत. आपल्याकडचा दोष घराचा असतो, पितरांचा असतो, आणि त्याचे निवारण करायला आख्खे घर गाडी करून त्र्यंबकेश्वरला जाते.

पण खरा मुद्दा देवाच्या कप्प्यात आहे. तिथे देवावर रागावणे, देव शिक्षा करतो आहे असे वाटणे आणि देवाने सोडून दिले असे वाटणे ही विधाने शेजारीशेजारी बसतात आणि त्यांची बेरीज होते. आता मराठी भक्तीचा इतिहास आठवा. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी विठोबाला जे सुनावले आहे ते आजच्या शिस्तीत या प्रश्नावलीवर बसवले तर तिघेही तातडीने समुपदेशनाला पाठवण्याच्या यादीत जातील. खुद्द रखुमाईच रुसून दिंडीरवनात येऊन बसली आणि तिला शोधत देव आला, अशी पंढरपूरची कथा आहे. म्हणजे दैवताचे इथे येणेच रुसव्यातून झाले. रुसणारा माणूस समोरचा ऐकतो आहे हे धरून चालतो. ज्याच्याशी काही देणेघेणे उरले नाही त्याच्यावर कोणी रुसत नाही.

यावर आक्षेप घेणारा म्हणेल की संतांचे भांडण म्हणजे लाडिक तक्रार आहे अशी गोड समजूत करून घेऊ नका, त्यात खरी वेदना होती. मान्य. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवलेले तत्त्वज्ञ रा. द. रानडे यांचा महाराष्ट्रातील संतांवरचा इंग्रजी ग्रंथ 1933 साली निघाला. त्यात तुकारामांच्या निराशेच्या अभंगांना त्यांनी आत्म्याची काळोखी रात्र म्हटले. ही कल्पना मुळात सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या हुआन दे ला क्रूस या संताची. त्याच्याच पंथातल्या लोकांनी त्याला 1577 साली पकडून तोलेदोत कोंडून ठेवले होते, आणि तुकोबांनाही धर्माच्या अधिकाऱ्यांकडून काय सोसावे लागले ते इंद्रायणीकाठी कोणालाही विचारावे. तेव्हा स्पॅनिश रूपांतर करणाऱ्यापुढे आणि आपल्यापुढे हा प्रश्न सारखाच उभा आहे. दोन्ही भाषांच्या परंपरेत देवाशी झालेला संघर्ष मार्गातला टप्पा आहे, आजार नाही. पण रानड्यांनी 'रात्र' म्हटले ते भांडणाला नव्हे. रात्र म्हणजे उत्तर न येणे. भांडणात आवाज असतो, रात्रीत पलीकडून काही येत नाही. या दोन अवस्था आकड्यातही वेगळ्या दिसायला हव्यात.

आणि त्या दिसतात, हे सांगणारा पुरावा अमेरिकेतलाच आहे. पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी ड्यूक विद्यापीठाच्या परिसरातल्या रुग्णालयांत 55 वर्षांवरच्या 596 रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला आणि 2001 साली निष्कर्ष मांडले. धार्मिक संघर्ष असलेल्यांत मृत्यूचा धोका अधिक निघाला. प्रकृतीची मूळ स्थिती हिशेबात धरूनही तो टिकला. हा अभ्यास सगळे सांगतात; तो धोका कोणत्या विधानांशी जुळला हे फार थोडे सांगतात. देवाने आपल्याला सोडले का असा प्रश्न पडणे, देवाच्या आपल्यावरच्या प्रेमाची शंका येणे आणि हे सैतानाने केले असे ठरवणे, ही ती तीन विधाने. धोका 19 ते 28 टक्क्यांनी वाढलेला, आणि सर्वांत वर होते ते सोडून दिल्याचे. रागाचे नाव यात नाही. पुढे 2012 साली एक्सलाइन यांनीच सहकाऱ्यांबरोबर लिहिताना देवाला जाब विचारणे, देवावर रागावणे आणि देवाशी नाते तोडून निघून जाणे हे तीन प्रकार वेगळे केले. तेव्हा मी इथे मराठी अस्मितेचा झेंडा रोवत नाही. मापनी करणाऱ्यांना जो फरक माहीत आहे तो बेरीज करताना पुसला जातो, आणि मराठीत तो पुसला तर नुकसान जास्त होते, एवढेच म्हणणे आहे.

प्रत्यक्ष उत्तर कसे येते ते पाहिले म्हणजे हे आणखी स्पष्ट होते. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर प्रश्नावली तोंडी विचारावी लागते. एका हातात केसपेपर, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, शेजारी सासू किंवा मुलगा. 'गेल्या काही महिन्यांत देवावर राग आला का?' असे विचारले की बहुतेकांचे पहिले उत्तर ठरलेले असते: देवावर कोण रागावणार? एकवर खूण. 'थोडेसे' आणि 'काही प्रमाणात' यांतला फरक समजावण्यात दोन मिनिटे जातात आणि शेवटी दोघेही कंटाळून मधल्या आकड्यावर तडजोड करतात. पुढे 'मग देवाचं कसं चाललंय?' असे साधे विचारले की फाटे फुटतात. कोणी सांगते की रोज सकाळी दिवा लावताना त्याला चांगले फैलावर घेते. कोणी सांगते की दिवा लावणे सोडूनच दिले, सूनबाई लावते. प्रश्नावलीत या दोघींच्या नावापुढे एक आहे. पहिली ठीक आहे. दुसरीकडे बघायला हवे. 'जगण्याला काही अर्थ नाही' या आशयाच्या विधानाचेही असेच. संसार असार आहे हे कीर्तनात ऐकून मोठी झालेली म्हातारी त्याला मान डोलावते, ती शहाणपण म्हणून. तिचा नातू त्याच विधानावर त्याच आकड्यावर खूण करतो, तेव्हा ते ऐकून गप्प बसता येत नाही.

यावर उत्साही मंडळी म्हणतात, मग परदेशी मापनी हवीच कशाला, आपली अस्सल मराठी करा. मलाही हे आवडले असते. नलिनी ताराकेश्वर यांनी 2003 साली सहकाऱ्यांबरोबर हिंदूंसाठी संकटातल्या धार्मिक आधाराची मापनी केली, ती अमेरिकेतल्या हिंदूंवर. त्यात अपराधीपणा, राग आणि हतबलपणे सोसणे हे एकाच गटात निघाले. त्यावरून पंढरपूरच्या वाटेवरच्या माणसाबद्दल काही ठरवता येत नाही. पण वेगळी मापनी वेगळे चित्र दाखवते एवढे कळते. माझी शंका 'आपली' या शब्दाबद्दल आहे. पुण्यात बसून केलेली अस्सल मापनी बघता बघता वारकऱ्यांची आणि सदाशिव पेठेची होते. 14 ऑक्टोबर 1956 च्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर ज्या घरांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्यासाठी देवावर रागावण्याची विधाने निरर्थक आहेत. ते सगळीकडे एक देतील आणि आपण संघर्ष शून्य असे लिहू. प्रत्यक्षात आजीने मागच्या खोलीत ठेवलेली देवी, आणि ती ठेवावी की नाही यावरून घरात चाललेली ओढाताण, कुठल्याच कप्प्यात येत नाही. धर्माच्या बाबतीत माणसांशी संघर्ष या गटात मूळ विधाने दुखावले जाण्याची, मतभेदाची आहेत. आपल्याकडे हा संघर्ष देवळाच्या दारात झालेला आहे: 1929 साली पर्वतीच्या पायऱ्यांवर, आणि पंढरपूरला तर 1947 साली साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत. भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी 2009 साली महाराष्ट्रातल्या दर्ग्यांविषयी लिहिले, त्या दर्ग्यांत मनाच्या दुखण्यासाठी जाणारे सर्व धर्मांचे लोक आहेत. 'आपली' मापनी या सगळ्यांना पुरेल अशी करायची तर ती परदेशी मापनीइतकीच परकी दृष्टी मागते. त्यापेक्षा 26 विधाने तशीच ठेवून तुलनेची सोय राखावी आणि त्यांच्या शेजारी इथल्या माणसांकडून आलेली वेगळी विधाने जोडावीत, हे मला अधिक व्यवहार्य वाटते.

संख्याशास्त्रवाल्यांचा आक्षेप वेगळा. फॅक्टर अ‍ॅनालिसिस करा, सहा घटक टिकले तर मापनी चालते, नाहीतर नाही. मुलाखतींचे लचांड कशाला? घटक टिकणे म्हणजे विधाने एकमेकांबरोबर वरखाली होतात एवढेच. का होतात ते त्यातून कळत नाही. आणि नमुना कोणाचा? वर्गात बसलेल्या मुलामुलींकडून एका तासात दोनशे फॉर्म भरून मिळतात. ती मुले प्रश्नावली भरण्यात पटाईत असतात, इंग्रजी विधान मनात धरूनच मराठी वाचतात, आणि आकडे सुरेख येतात. ओपीडीच्या बाकावरचे आकडे असे सुरेख येत नाहीत. याच पुण्यात वासुदेव परळीकर आणि सहकाऱ्यांनी थकवा आणि अशक्तपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांचा अभ्यास मानसोपचार, मेडिसिन, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांत केला. तिथे मिचेल वाइस यांची मुलाखतपद्धत वापरली होती: तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, कारण काय वाटते, हे आधी मोकळेपणी विचारायचे, यादी नंतर, आणि मोजणी त्याहून नंतर. मोजणी टाळलेली नव्हती, फक्त तिची पाळी शेवटी होती. आध्यात्मिक संघर्षाच्या मापनीला हाच क्रम लावायला हवा.

विवेकवादी मित्रांचा आक्षेप मी थोडक्यात घेतो, कारण त्याचे उत्तर सरळ आहे. ते म्हणतात, ज्या शहरात 20 ऑगस्ट 2013 रोजी नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या शहरात तुम्ही फॉर्मवर भूतबाधेचे प्रश्न छापता, याने त्या कल्पनेला मान्यता मिळत नाही का? मिळत नाही. प्रश्न भुताच्या अस्तित्वाचा नसून माणसाच्या भीतीचा आहे. ती भीती कोणाला आहे हे डॉक्टरला वेळेत कळले नाही तर रुग्ण मांत्रिकाकडे जातो, आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर कामाला येतो.

तेव्हा ज्यांना ही मापनी वापरायची आहे त्यांना माझे सांगणे असे. मूळ लेखकांची परवानगी घ्या. सहा गटांची एकच बेरीज करून रुग्णाच्या कागदावर लिहू नका. देवावरचा राग आणि देवाने सोडल्याची भावना हे आकडे वेगवेगळे ठेवा. अमुक गुणांच्या वर धोका, अशी रेघ मराठीत कोणी आखून दिली तर ती कोणत्या माणसांवर आखली ते विचारा. आणि फॉर्म भरून झाल्यावर, नातेवाईक चहाला गेले असतील तेव्हा, देवाशी बोलणे चालू आहे की बंद, हा सत्ताविसावा प्रश्न आपल्या तोंडाने विचारा आणि त्याचे उत्तर शब्दांत लिहून घ्या.